एआय हाताशी असताना नवं काही सुचायचं कसं? पीजी आणि पीएचडीवाल्यांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की एमए, एमएस्सी, एमई, पीएचडी करताना एआयमुळे नक्की काय अडतंय ते कळवा, आणि पत्रांचा, मेलचा ढीग आला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पण बऱ्याच जणांचं दुखणं सारखंच आहे म्हणून त्यातले सहा प्रश्न घेतलेत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, मी सोलापूरला पर्यावरणशास्त्रात पीएचडीच्या पहिल्या वर्षाला आहे, भूजलावर काम करायचंय. चॅटजीपीटीला विचारलं की दहा मिनिटांत वीस विषय मिळतात, सगळे छान वाटतात, पण माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या की हेच विषय आणखी दोघातिघांनी आणलेत. मग नवीन सुचायचं कसं? मुळात आपल्याला हे जमणारं आहे का अशीच शंका यायला लागलीय.

अगं, शंका स्वतःवर घेऊ नकोस. तुझ्या मॅडमना जे दिसलं ते सगळीकडे होतंय आणि त्याचं कारण यंत्र चालतं कसं यातच आहे. चॅटजीपीटीसारखी ही मॉडेल्स अफाट मजकूर वाचून कशापुढे काय येण्याची शक्यता जास्त ते शिकलेली असतात, त्यामुळे मोघम प्रश्न विचारला की सगळ्यात मळलेल्या वाटेवरचंच उत्तर येतं, मग ते तू सोलापुरातून विचार नाहीतर कुणी जळगावातून विचारो. २०२४ मध्ये अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर यांनी यावर एक प्रयोग केला होता, जवळपास ३०० जणांना छोट्या गोष्टी लिहायला दिल्या आणि त्यातल्या काहींना एआयकडून कल्पना घ्यायची मुभा दिली. ज्यांनी एआयची मदत घेतली त्यांच्या गोष्टी वाचणाऱ्यांना जास्त आवडल्या, लिहिण्यात कच्च्या असलेल्यांना तर खूपच फायदा झाला, पण त्या सगळ्या गोष्टी एकमेकींच्या जवळ जायला लागल्या. म्हणजे प्रत्येकाचं काम थोडं सुधारलं आणि सगळ्यांचं मिळून वेगळेपण कमी झालं. पीएचडीत नेमकं वेगळेपणच मोजलं जातं, म्हणून हा प्रयोग तुझ्या कामाचा आहे.

आता नवं येतं कुठून? मला स्वतःला वाटतं ते बहुतेक वेळा न जुळणाऱ्या गोष्टीतून येतं, आणि न जुळणारी गोष्ट दिसायला आधी ती सामग्री आपल्या हाताखालून गेलेली असावी लागते. जॉसलिन बेल १९६७ मध्ये केंब्रिजला पीएचडी करत होती, तुझ्यासारखीच विद्यार्थिनी. रेडिओ दुर्बीण उभी करताना तिनं स्वतः खांब ठोकले, तारा जोडल्या, आणि मग दुर्बिणीतून दिवसाला जवळपास ३० मीटर कागदाचा आलेख बाहेर पडायचा तो ती डोळ्यांनी तपासायची. त्यात एक बारीकसा डाग तिला खटकला, तो आकाशातल्या नेहमीच्या रेडिओ स्रोतासारखाही नव्हता आणि माणसांच्या यंत्रांमुळे येणाऱ्या गोंधळासारखाही नव्हता. तिच्या गाईडना आधी वाटलं की हे माणसांनीच निर्माण केलेलं काहीतरी असणार. तिनं पाठ सोडली नाही, आणि तो निघाला पल्सार, म्हणजे स्वतःभोवती वेगानं फिरणारा न्यूट्रॉन तारा, दर १.३३ सेकंदांनी येणारा त्याचा ठोका. तो डाग वेगळा आहे हे तिला कळलं कारण नेहमीचे डाग कसे दिसतात ते तिला पाठ झालेलं होतं. (१९७४ चं नोबेल तिच्या गाईडना मिळालं, तिला नाही, याची मला आजही चीड येते.)

आता कुणी म्हणेल की असे डाग आज एआय शोधेल. शोधतंच, पल्सार शोधायला मशीन लर्निंग वापरतात आणि वापरावंच. पण दुसरी गोष्ट बघ. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या दुर्बिणीत बरीच वर्षं काही विचित्र सिग्नल यायचे, अंतराळातून आल्यासारखे वाटायचे पण नीट बसत नव्हते. २०१५ मध्ये एमिली पेट्रॉफ नावाच्या पीएचडी करणाऱ्या मुलीनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी ते सोडवलं. हे सिग्नल लोक कामावर असण्याच्या वेळेतच जास्त यायचे, आणि शोधता शोधता कळलं की तिथला मायक्रोवेव्ह थांबायच्या आधीच कुणी दार उघडलं की ते निघतात. आता किचनमध्ये कोण कधी जातं, कोण घाईनं दार उघडतं, हे दुर्बिणीच्या डेटात कुठे लिहिलेलं असतं? तिथे वावरणाऱ्या माणसालाच ते सुचू शकतं.

म्हणून तुला माझं सांगणं असं की दोन महिने विषय ठरवूच नकोस. तालुक्यातल्या थोड्या विहिरी निवड, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी मोजत असते तो डेटा मिळव आणि स्वतः त्या विहिरींवर जा, पाणी मोज, चव विचार, बोअर कधी मारली, मोटर कधी चालते, वीज रात्री असते की दिवसा ते विचार. आपल्याकडे बेसाल्ट आहे, पाणी खडकाच्या फटींतून जातं, त्यामुळे बांधाला बांध लागून असलेल्या दोन विहिरी अगदी वेगळ्या वागतात, आणि तुझा प्रश्न अशाच एखाद्या जोडीत बसलेला असेल. एक वही ठेव ज्यात फक्त 'हे असं का?' एवढंच लिहायचं. महिन्याभरात वहीत आठ-दहा गोष्टी जमतील, त्यातल्या निम्म्या तुझ्या मोजण्यातल्या चुका निघतील, काहींचं उत्तर पुस्तकात सापडेल, आणि एखादी उरेल. ती उरलेली घेऊन मग एआयकडे जा. तेव्हा मात्र त्याला विषय मागू नकोस, त्याला म्हण की माझ्या या निरीक्षणाची शक्य तितकी स्पष्टीकरणं दे, आणि कुठलं मोजमाप केलं तर त्यातली दोन वेगळी काढता येतील ते सांग. असं वापरलं की ते खरंच उपयोगी पडतं.

प्रश्न : लातूरला कॉलेजात शिकवतो, माझ्याकडे सहा पीएचडीचे विद्यार्थी आहेत. हल्ली चॅप्टर येतात ते गुळगुळीत, इंग्रजी उत्तम, सिमिलॅरिटी (आधीच्या मजकुराशी साम्य) १० टक्क्यांच्या आत, आणि वाचून झाल्यावर हातात काही राहत नाही. एआयनं लिहिलेलं पकडणारं एखादं चांगलं सॉफ्टवेअर सुचवाल का?

सर, सॉफ्टवेअर सुचवत नाही, कारण त्यांच्या भरवशावर कुठल्या विद्यार्थ्यावर ठपका ठेवणं मला पटत नाही. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचं असं ओळखणारं टूल काढलं होतं, ते जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं कारण ते पुरेसं अचूक नव्हतं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की अशी टूल्स, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांनी हातानं लिहिलेले निबंधसुद्धा निम्म्याहून जास्त वेळा एआयचे ठरवतात. आपली मुलं नेमकी त्यातच मोडतात हो. साधं, सरळ, मोजक्या शब्दांचं इंग्रजी लिहिणारी लातूरची मुलगी विनाकारण चोर ठरेल.

आणि १० टक्क्यांचं म्हणाल तर युजीसीचे २०१८ चे नियम बनले तेव्हा प्रश्न कॉपी-पेस्टचा होता. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर कारवाई नाही, पुढे टप्प्याटप्प्यानं कडक. त्यात शब्द जुळतात का हे कळतं, डोकं चाललंय का हे कळत नाही, आणि एआय दर वेळी शब्द नवे देतं त्यामुळे ती चाळणी आता या कामाला उरलेली नाही.

थोडं कटू वाटेल पण बोलते. आपल्याकडे गाईडनंच टॉपिक द्यायचा ही पद्धत एआयच्या कितीतरी आधीपासून आहे. विद्यार्थ्यानं प्रश्न शोधण्याचा सराव तेव्हाही केला नाही, आधी टॉपिक आपण देत होतो आता चॅटबॉट देतो, एवढाच फरक पडलाय. मुलांची नवं शोधायची ताकद वाढवायची असेल तर प्रश्न निवडायची, तो चुकायची आणि टाकून द्यायची संधी त्यांना पहिल्या वर्षातच द्यावी लागेल. बारा क्रेडिटचं कोर्सवर्क आहेच, त्यात एक काम मी सुचवीन. प्रत्येकाला त्याच्या क्षेत्रातला एखादा छापलेला, लहानसा निष्कर्ष द्या आणि म्हणा की हा स्वतः पुन्हा करून दाखव. प्रयोग असेल तर प्रयोग, सर्व्हे असेल तर आपल्या तालुक्यात सर्व्हे, आकडेमोड असेल तर पहिल्यापासून आकडेमोड. पेपरमध्ये तीन ओळींत उरकलेली पद्धत प्रत्यक्षात किती निसरडी असते हे तेव्हाच कळतं, आकडे जुळत नाहीत, मग का जुळत नाहीत हे शोधायला लागतं आणि संशोधनाचा प्रश्न तिथे जन्माला येतो. एआयची मदत घेऊ दे की त्यात, काही बिघडत नाही, कारण जमिनीवरचे आकडे त्याला तयार करून देता येत नाहीत (आणि दिले तर पकडता येतात, कच्च्या नोंदी तारखेसकट मागा).

आणि प्रत्येकाला आठवड्यातून अर्धा तास, लॅपटॉप बंद, फळा आणि खडू. काय होईल असं वाटलं होतं, काय झालं, फरक का पडला असेल, एवढंच विचारायचं. पहिले काही आठवडे मुलं गप्प राहतील, घाबरतील. राहू द्या. तुम्हीही कधीकधी 'मला माहीत नाही रे, बघू' असं मोठ्यानं म्हणा, गाईडला माहीत नसलेली गोष्ट असू शकते हे कळणं पीएचडीतल्या मुलाला फार मोकळं करतं. हे सगळं सहा जणांसाठी करायचं म्हणजे आठवड्याचे तीन तास गेले, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फाइली आणि पेपर तपासणीत ते कुठून काढायचे हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर कॉलेजनं द्यायला हवं, पण माझ्या मते चॅप्टरची भाषा दुरुस्त करण्यात जाणारा वेळ इकडे वळवता येईल, ते काम आता एआय करतंय ना. युजीसीनं २०२२ च्या नियमांत थिसिस देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती काढलीय. तुमच्या विद्यापीठाचा नियम तेवढा बघून घ्या, पण सक्ती नसेल तर कुठल्यातरी पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नलमागे धावण्यापेक्षा ते महिने मुलांना शोधायला द्या.

प्रश्न : मी नंदुरबारची, सगळं शिक्षण मराठीतून. एमए अर्थशास्त्राचं डिझर्टेशन ऊसतोडीला गुजरातला जाणाऱ्या कुटुंबांवर आहे. माझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून एआयकडून लिहून घेते, मैत्रिणी म्हणतात ही चीटिंग आहे. खरंच का ताई?

भाषा सुधारून घेतलीस तर चीटिंग नाही गं, फक्त ते केलंय असं डिझर्टेशनमध्ये स्पष्ट लिही आणि गाईडना आधी सांग. मोठ्या जर्नल्सनी २०२३ पासून हेच धरलंय, एआय लेखक होऊ शकत नाही कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही, वापरलं असेल तर सांगा.

माझी काळजी वेगळी आहे. तू त्याला फक्त मुद्दे देतेस आणि परिच्छेद ते बनवतं असं असेल तर विचार करायचं काम तुझ्या हातून निसटतंय. आधी सगळं मराठीत लिहून काढ, घरी बोलतेस तसं लिहिलंस तरी चालेल. उचल (मुकादमाकडून आगाऊ पैसे) किती घेतली, कुणाच्या लग्नासाठी की आजारपणासाठी घेतली, मुकादम गावातलाच की बाहेरचा, हंगाम संपला तरी ती फिटली का, नाही फिटली तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागलं का, पोरं बरोबर नेली की आजीकडे ठेवली. कुठल्या बाईनं काय सांगितलं आणि सांगताना कुठे थांबली तेही लिही. युक्तिवाद तुझा पूर्ण झाला की मग इंग्रजी करून घे आणि मूळ मराठी शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघ, कारण एआय असले बारकावे गुळगुळीत करून टाकतं, 'स्थलांतरित मजुरांना आर्थिक अडचणी येतात' असलं वाक्य येतं ज्यात तुझी एकही बाई उरलेली नसते. तुला त्या माणसांपर्यंत जाता येतं, त्यांच्या बोलीत विचारता येतं, ती तुझ्याशी खरं बोलतात. महागड्या विद्यापीठातल्या कुणालाही हे सहज मिळणार नाही, त्यामुळे इंग्रजीवरून स्वतःला कमी लेखू नकोस.

एक सावधगिरी मात्र घे, एआयनं दिलेला संदर्भ स्वतः उघडून वाचल्याशिवाय वापरायचा नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले जुने खटले दाखला म्हणून दिले, ते खटले अस्तित्वातच नव्हते, ५,००० डॉलर दंड झाला. आपल्याकडे आता शोधगंगेवर थिसिस फुकट वाचता येतात आणि वन नेशन वन सबस्क्रिप्शनमुळे सरकारी संस्थांमध्ये हजारो जर्नल्स खुली झालीत, तुझं कॉलेज किंवा विद्यापीठ त्यात आहे का ते लायब्ररीत विचार.

प्रश्न : आमची मुलगी बायोटेकमध्ये पीएचडी करतेय, प्रोटीनवर काम आहे. हल्ली बातम्यांत वाचतो की एआयनं सगळी प्रोटीन्स सोडवली, त्याला नोबेलपण मिळालं. मग या पोरीची पाच वर्षं वाया जाणार का? तिला विचारायची हिंमत होत नाही. (ठाणे)

तुमची काळजी समजते. बातमी खरी आहे, पण अर्धी आहे. २०२४ च्या केमिस्ट्रीच्या नोबेलचा अर्धा भाग डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना प्रोटीनचा आकार वर्तवणाऱ्या अल्फाफोल्ड या एआयसाठी मिळाला, उरलेला अर्धा डेव्हिड बेकर यांना नवी प्रोटीन्स रचण्यासाठी. अल्फाफोल्डनं २० कोटींहून जास्त प्रोटीन्सचे आकार वर्तवलेत. पण ते हे शिकलं कशावरून? १९७१ मध्ये प्रोटीन डेटा बँक सुरू झाली तेव्हा त्यात सात आकार होते. पुढची पन्नास वर्षं जगभरातल्या लॅबमध्ये, आणि बहुतेक वेळा पीएचडी करणाऱ्या मुलामुलींनी, प्रोटीनचे क्रिस्टल बनवले, बिघडले, परत बनवले, एक्स-रे काढले आणि एकेक आकार त्या बँकेत जमा केला, सगळ्यांसाठी खुला. त्या कष्टांवर अल्फाफोल्ड उभं आहे. आणि त्याही आधी १९६३ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की प्रोटीनची साखळी कुठल्या कोनांत वळू शकते आणि कुठल्या नाही, तो रामचंद्रन प्लॉट आजही आकार बरोबर आहे का हे तपासायला वापरतात, एआयनं दिलेला आकारसुद्धा.

शिवाय आकार कळला म्हणजे सगळं कळलं असं नाही. काही प्रोटीन्सना ठरलेला आकारच नसतो, बरीच काम करताना आकार बदलतात, एखादा बदल झाला की रोग का होतो हे नुसत्या चित्रावरून कळत नाही. उलट आता आकार काढण्यात पाच वर्षं घालवायची गरज उरली नाही म्हणून तुमची मुलगी थेट या प्रश्नांपर्यंत जाऊ शकते.

फेब्रुवारी २०२५ मधली आणखी एक बातमी तुम्ही वाचली असेल. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या होसे पेनाडेस यांनी बॅक्टेरियांबद्दलचा एक प्रश्न गुगलच्या एआयला दिला, त्यांच्या टीमला ज्यासाठी कित्येक वर्षं लागली होती ते उत्तर त्यानं दोन दिवसांत शक्यता म्हणून मांडलं. हे मोठंच आहे, मी ते कमी करून सांगत नाही. पण प्रश्न इतका नेमका करून विचारणारा माणूस त्याच विषयात आयुष्य घालवलेला होता, टीमच्या आधी छापून आलेल्या कामात त्या उत्तराचा धागा होता, आणि ती शक्यता खरी आहे हे प्रयोगशाळेतल्या कामामुळेच म्हणता आलं. तुमच्या मुलीचं शिक्षण या तिन्हीचं आहे. तिला जरूर विचारा, पण 'वाया जाईल का' असं नको, 'तुझं प्रोटीन करतं तरी काय' असं विचारा. त्या मुलांना घरी कुणी हे विचारत नाही.

प्रश्न : एमई कॉम्प्युटर, नाशिक. प्रोजेक्टचा कोड जवळजवळ सगळा एआयनंच लिहिला, चालतोय पण भारी. व्हायवात 'यात तुझं काय' विचारलं तर काय सांगू?

अरे, व्हायवा सोड, तू स्वतःला काय सांगशील ते बघ. कोड लिहिणं आता स्वस्त झालंय, त्यामुळे कुठल्या प्रश्नावर लिहायचा, कुठला डेटा आणि बरोबर चालतोय हे सिद्ध कसं करायचं, यात तुझं काम दिसलं पाहिजे. पुण्यातल्या एल३क्यूब या गटात इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी २०२१ मध्ये मराठी ट्वीट्सचा डेटासेट बनवला, सुमारे १६,००० ट्वीट्स, प्रत्येकावर सूर चांगला, वाईट की तटस्थ अशी खूण केलेली. मॉडेल्स आधीपासून होती तीच वापरली, पण मराठीत असा मोठा डेटासेट नव्हता हे त्यांनी ओळखलं आणि बसून तो तयार केला, आणि आता इतरही तो वापरतात. नाशिकमध्ये अशी न केलेली कामं ढिगानं पडलीत, कांद्याच्या लिलावात बोलली जाणारी भाषा मॉडेलला कळते का, द्राक्षबागेतला शेतकरी फोनवर रोगाचं वर्णन करतो ते कळतं का. एआयचा कोड कुठे फसतो याच्या केसेस तू स्वतः गोळा केल्यास, का फसतो ते शोधलंस आणि त्यातलं एक जरी दुरुस्त केलंस, तर ते तुझं. सबमिशनला वेळ असेल तर आजच सुरू कर.

प्रश्न : मुलाखतींचे रेकॉर्डिंग टाइप करायला एआय वापरू का? फुकटचं ॲप आहे. (एमएसडब्ल्यू, अमरावती)

लोकांनी तुला विश्वासानं सांगितलंय, ते कुठल्या सर्व्हरवर जातंय हे माहीत नसताना अपलोड करू नकोस. आधी ॲपच्या अटी वाच, तुझा डेटा ते मॉडेल शिकवायला वापरतात का ते बघ, मुलाखत देणाऱ्याची संमती घेताना हेही सांगितलं होतंस का ते आठव. आपल्याच लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय चालणारी टायपिंगची टूल्स आहेत, व्हिस्पर त्यातलंच एक, मराठीत चुका करतं पण पहिला खर्डा मिळतो, मग रेकॉर्डिंग ऐकत ऐकत स्वतः दुरुस्त कर, तेवढ्यात मुलाखत परत एकदा नीट ऐकूनही होते. नावं आणि गावं खर्ड्यातूनच बदल. आणि हे सगळं करण्याआधी गाईड आणि कॉलेजच्या एथिक्स कमिटीचं लेखी म्हणणं घे.